भरधाव, हयगयीने, अविचाराने

‘आरोपी चालकाने आपल्या ताब्यातील वाहन रहदारीच्या नियमांकडे दुर्लक्ष करून भरधाव वेगाने, हयगयीने व अविचाराने चालवून…’ महाराष्ट्रातल्या कोणत्याही पोलीस ठाण्यात जा आणि रस्त्यावरच्या मृत्यूची फिर्याद वाचा. हे वाक्य तिच्यात असतेच. मेलेला माणूस शेतावरून परतणारा म्हातारा असो, शाळेतून येणारी मुलगी असो की रात्रपाळीचा कामगार असो. धडकणारा ट्रक असो की नवी कोरी मोटार. वाक्य तेच. तालुक्याच्या न्यायालयात उभ्या राहिलेल्या प्रत्येक वकिलाला ते पाठ असते. जबाब लिहून घेणाऱ्या हवालदारालाही पाठ असते. फिर्याद देणाऱ्या भावाला किंवा मुलाला मात्र त्यातला एकही शब्द सुचलेला नसतो. तो एवढेच सांगत असतो की आमचा माणूस गेला.

हे पुस्तक त्या वाक्याचे पुढे न्यायालयात काय होते याबद्दल आहे. कुणाच्या हातून वाहनाखाली माणूस मेला तर त्या हाताला कायदा काय म्हणतो, कधी गुन्हेगार म्हणतो, कधी नुसता निष्काळजी म्हणतो आणि कधी काहीच म्हणत नाही, हा त्याचा विषय. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात भारतात १,६८,४९१ माणसे रस्त्यावर मेली. त्यांतली १५,२२४ महाराष्ट्रातली. म्हणजे देशात दर तासाला एकोणीस. इतक्या मृत्यूंमागे एखादे कलम उभे असेल तर ते काय म्हणते हे सामान्य वाचकाला ठाऊक असायला हवे, असे मला फार वर्षांपासून वाटत आले आहे.

ते कलम मोटारीहून जुने आहे. भारतीय दंड संहिता १८६० साली झाली तेव्हा निष्काळजीपणाने घडलेल्या मृत्यूसाठी तिच्यात स्वतंत्र तरतूद नव्हती. ती १८७० मध्ये ३०४-अ म्हणून जोडली गेली. कार्ल बेन्झने आपल्या मोटारीचे पेटंट घेतले १८८६ मध्ये. बैलगाड्या, टांगे, भरलेल्या बंदुका, उघड्या विहिरी यांच्या जगासाठी लिहिलेल्या त्या दोन ओळींवर पुढे दीडशे वर्षे आपण टँकर, एसटी, लक्झरी बस आणि ताशी दोनशे किलोमीटर धावणाऱ्या गाड्या तोलत राहिलो. शिक्षा जास्तीत जास्त दोन वर्षे, किंवा नुसता दंड. गुन्हा जामीनपात्र. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली आणि हेच कलम १०६(१) झाले. कमाल शिक्षा पाच वर्षांवर गेली, दंडही सक्तीचा झाला. जामीनपात्र मात्र ते अजूनही आहे. चालक बहुधा त्याच दिवशी घरी जातो, आणि हे ऐकून मृताच्या घरच्यांचा पहिला धक्का ओसरायच्या आत दुसरा बसतो.

त्यांना समजावून सांगणे अवघड असते, पण सांगावे लागते. फौजदारी कायदा परिणामाकडे पाहून शिक्षा देत नाही. तो करणाऱ्याच्या मनाकडे पाहतो. एकाच रस्त्यावर, एकाच जागी, सारख्याच गाडीखाली दोन माणसे मेली तरी गुन्हे तीन प्रकारचे असू शकतात, आणि चौथी शक्यता अशी की गुन्हाच नसेल. टायर फुटून गाडी दुभाजक ओलांडून गेली, चालकाने करण्यासारखे सगळे केले, तर तो अपघात. वळणावर ओव्हरटेक केले, फोनवर बोलत होता, सिग्नल तोडला, तर ती हयगय किंवा अविचार. पण एखादा दारू पिऊन, जिथे माणसे असणारच हे ठाऊक असलेल्या जागी, आता कुणी मेले तर मेले अशा बेताने गाडी घालतो, तेव्हा त्याच्या मनात ‘यातून मृत्यू होऊ शकतो’ ही जाणीव आहे असे न्यायालय मानू शकते. तो सदोष मनुष्यवध. जुन्या संहितेत कलम ३०४ चा दुसरा भाग, नव्या संहितेत कलम १०५. शिक्षा दहा वर्षांपर्यंत. आणि मारायचेच म्हणून गाडी अंगावर घातली असेल तर तो सरळ खून.

म्हणजे सगळा वाद दोन शब्दांमधल्या अंतराचा आहे: हयगय आणि जाणीव. हे अंतर कसे मोजायचे हे महाराष्ट्राला, आणि खरे तर देशाला, एका खटल्याने शिकवले.

१२ नोव्हेंबर २००६ ची पहाट. वांद्र्याच्या कार्टर रोडवर पदपथावर मजूर झोपले होते. रस्त्याच्या कामावर आलेली माणसे, दिवसा जिथे राबायचे तिथेच रात्री अंग टाकायचे. एक तरुण मित्रमैत्रिणींना घेऊन मोटार चालवत आला आणि गाडी त्यांच्यावर गेली. सात जण मेले, आठ जखमी झाले. चालकाच्या रक्तात कायद्याच्या मर्यादेहून कितीतरी पट अधिक मद्य सापडले. सत्र न्यायालयाने त्याला हयगयीचा दोषी ठरवून सहा महिने कैद आणि पाच लाख रुपये दंड दिला. सात माणसांमागे सहा महिने. मुंबई उच्च न्यायालयाने २००७ मध्ये तो निकाल फिरवला, सदोष मनुष्यवध मानला आणि तीन वर्षे सक्तमजुरी दिली. १२ जानेवारी २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले.

त्या निकालातल्या दोन गोष्टी मी वाचकाच्या मनात ठेवू पाहतो. पहिली: एकाच कृत्यासाठी हयगय आणि सदोष मनुष्यवध असे दोन्ही आरोप ठेवता येतात का? बचाव पक्ष म्हणत होता की नाही, कारण एकात जाणीव नसते आणि दुसऱ्यात असते. न्यायालयाने सांगितले की आरोप दोन्ही ठेवता येतात. आपले कृत्य मृत्यूला कारण होण्याइतके धोक्याचे आहे हे समजूतदार माणसाला कळते तिथे करणाऱ्यालाही त्याची जाणीव होती असे धरता येते. ‘मला वाटले नव्हते’ हे उत्तर त्यामुळे दर वेळी पुरत नाही. दुसरी गोष्ट कमी सांगितली जाते. तीन वर्षे ही शिक्षा अपुरी आहे असे सर्वोच्च न्यायालयाला वाटत होते, पण ती वाढवून मागण्यासाठी सरकारने अपीलच केलेले नव्हते. सात मजुरांच्या बाजूने बोलायचे ज्यांचे काम होते, त्यांनी ते केले नाही. मला त्या निकालातला हा भाग सर्वांत जास्त खुपतो.

मोठ्या खटल्यांत निदान कायद्यावर वाद होतो. तालुक्याच्या न्यायालयात तो वादच होत नाही, कारण पुरावाच नसतो. ‘भरधाव’ म्हणजे किती? १९९८ मध्ये कर्नाटकातल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की गाडी ‘वेगात’ होती एवढे साक्षीदाराने म्हटल्याने हयगय सिद्ध होत नाही. वेग हा सापेक्ष शब्द आहे. रस्ता कसा होता, गर्दी किती होती, साक्षीदाराच्या मते वेग म्हणजे काय, हे सरकार पक्षाने दाखवले पाहिजे. न्यायालयाचे म्हणणे बरोबरच आहे. चूक आहे ती फिर्यादीतल्या त्या ठरलेल्या वाक्याची. ‘भरधाव वेगाने’ लिहिले की तपास झाला असे आपल्या ठाण्यांनी मानून घेतले आहे. ब्रेकच्या खुणा किती मीटर होत्या, गाडी आणि प्रेत यांत अंतर किती, काच कुठे पडली, दिवा होता का, रस्त्याला साइडपट्टी होती का, हे पंचनाम्यात असेल तर वेगाचा हिशेब तज्ज्ञ मांडू शकतो. बहुतेक पंचनाम्यांत रस्ता ‘पूर्व-पश्चिम जाणारा डांबरी’ असतो आणि पुढे काही नसते. गाडी तोवर रस्त्याच्या कडेला ओढलेली असते, कारण वाहतूक खोळंबली होती. आरटीओच्या तपासणीचा कागद येतो तो ब्रेक सुस्थितीत असल्याचा. साक्षीदार दोन, तेही मृताचे नातेवाईक, घटनेनंतर पोचलेले. मग तीन-चार वर्षांनी खटला उभा राहतो आणि न्यायदंडाधिकारी संशयाचा फायदा देतात. त्यांना दुसरे काही करता येत नाही.

दरम्यान मोटार अपघात न्यायाधिकरणात भरपाईचा क्लेम चालतो. तिथे पुराव्याची पट्टी वेगळी असते. फौजदारी न्यायालयाला लागणारी खात्री तिथे लागत नाही, शक्यतेचे पारडे झुकले की पुरते. विमा कंपनी पैसे देते. ते पैसे हवेच असतात, घर चालायला हवे असते. पण क्लेम निकाली निघाला की फौजदारी खटल्याच्या तारखांना येणारे घरचे लोक कमी होतात, साक्षीदारांचा आवाज मऊ होतो, एखादा फितूर होतो. मी त्यांना दोष देत नाही. विधवा बाईने दर महिन्याला एसटीने चाळीस किलोमीटर यायचे, दिवसभर बाकावर बसायचे आणि पुढची तारीख घेऊन जायचे, हे किती वर्षे?

साक्षीदाराचे काय होते हे पाहायला दिल्लीकडे पाहावे. १० जानेवारी १९९९ च्या पहाटे लोधी कॉलनीत एका बीएमडब्ल्यूखाली सहा माणसे मेली, त्यांत तीन पोलीस होते. त्या खटल्यातल्या एका साक्षीदाराशी बचाव पक्षाचे आणि सरकार पक्षाचे वकील कसे बोलणी करत होते हे २००७ मध्ये एका दूरचित्रवाहिनीच्या छुप्या कॅमेऱ्याने देशाला दाखवले. एका ज्येष्ठ वकिलाला न्यायालयाच्या अवमानाबद्दल दोषी धरले गेले. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये तिथेही सदोष मनुष्यवधच मानला, चालक जखमींना टाकून निघून गेला याची दखल घेतली, आणि शिक्षा मात्र भोगलेल्या दोन वर्षांइतकीच ठेवली. वर पन्नास लाख रुपये आणि दोन वर्षे समाजसेवा.

मुंबईतले २८ सप्टेंबर २००२ चे प्रकरण सगळ्यांना आठवते. वांद्र्यात बेकरीसमोर झोपलेल्यांपैकी एकाचा मृत्यू झाला, चार जखमी झाले, आणि अभिनेता सलमान खान यांच्यावर आरोप ठेवला गेला. या पुस्तकाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे ते कलमांचे येणे-जाणे. आधी हयगय, मग सदोष मनुष्यवध, मग पुन्हा हयगय, आणि दहा वर्षांनी पुन्हा सदोष मनुष्यवध. प्रत्येक वेळी न्यायालय बदलते, खटला नव्याने सुरू होतो. मधल्या काळात, २००७ मध्ये, मुख्य साक्षीदार असलेला अंगरक्षक पोलीस मरण पावला. न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर त्याने दिलेली साक्ष उच्च न्यायालयाने सत्र खटल्यासाठी ग्राह्य धरली नाही. मे २०१५ मध्ये पाच वर्षांची शिक्षा झाली आणि १० डिसेंबर २०१५ रोजी उच्च न्यायालयाने गुन्हा निःसंशय सिद्ध झाला नाही म्हणून निर्दोष सोडले. तेरा वर्षांत हयगय की जाणीव हा प्रश्न जिथल्या तिथे राहिला. बेकरीसमोरचा तो कामगार कशाने मेला, हा प्रश्न कायद्याच्या दृष्टीने अनुत्तरितच आहे.

आता पळून जाण्याबद्दल. ७ जुलै २०२४ च्या पहाटे वरळी कोळीवाड्यातले एक दाम्पत्य ससून डॉकहून मासळी घेऊन स्कूटरवरून परतत होते. बीएमडब्ल्यूने उडवले, बाई फरपटत गेली आणि मेली. आरोपी दोन दिवसांनी पकडला गेला. तो प्यायला होता की नव्हता हा प्रश्न मी इथे सोडवणार नाही, तो न्यायालयाचा आहे. पण दोन दिवसांनी घेतलेले रक्त त्याचे उत्तर देऊ शकत नाही, हे सांगायला वैद्यकाचे शिक्षण लागत नाही. जो चालक थांबतो, जखमीला दवाखान्यात नेतो, ठाण्यात हजर होतो, त्याचे रक्त ताजे तपासले जाते. मर्यादा आहे शंभर मिलिलिटरमागे तीस मिलिग्रॅम. जो पळतो त्याच्याविरुद्धचा सर्वांत बोलका पुरावा तो स्वतःबरोबर नेतो आणि वाटेत तो विरून जातो. मोटार वाहन कायद्याचे कलम १३४ सांगते की चालकाने जखमीला मदत केली पाहिजे आणि चोवीस तासांच्या आत पोलिसांना कळवले पाहिजे. ते मोडल्याची शिक्षा सहा महिन्यांपर्यंत. म्हणजे हिशेबी माणसाला पळणेच परवडते.

हे बदलण्यासाठी नव्या संहितेत १०६(२) आले: मृत्यूला कारण होऊन पोलीस किंवा दंडाधिकाऱ्यांना न कळवता पळून गेल्यास दहा वर्षांपर्यंत कैद. २०२४ च्या पहिल्याच दिवशी देशभर ट्रकचालकांनी चाके थांबवली. मनमाडजवळच्या पानेवाडीहून टँकर निघेनात, पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. दोन दिवसांत केंद्र सरकारने वाहतूकदारांना शब्द दिला की त्यांच्याशी बोलल्याशिवाय हे पोटकलम लागू करणार नाही. १ जुलैला संहिता लागू झाली ती हे पोटकलम वगळून.

चालकांचे म्हणणे मी मनापासून ऐकले आहे, आणि ते खोटे नाही. गावाजवळ ट्रकखाली कुणी आले की जमाव जमतो, चूक कुणाची हे कुणी विचारत नाही, गाडी पेटते, चालकाला मरेस्तोवर मारतात. कलम १३४ मध्येच जमावाच्या भीतीचा अपवाद आहे, म्हणजे कायद्यालाही हे माहीत आहे. पण पुढच्या ठाण्यावर जाऊन ‘माझ्या हातून असे झाले’ एवढे सांगणे आणि फरार होणे यांत फरक आहे. पोटकलमात हा फरक स्पष्ट लिहा, हजर होणाऱ्या चालकाला संरक्षण द्या आणि मग ते लागू करा. नुसते बासनात बांधून ठेवल्याने पळणाऱ्याची सोय झाली आणि थांबणाऱ्याला काहीच मिळाले नाही.

अल्पवयीन चालकांचे प्रकरण या पुस्तकात स्वतंत्र घेतले आहे. १९ मे २०२४ रोजी पुण्यात कल्याणीनगरला सतरा वर्षांच्या मुलाच्या पोर्शेखाली दोन तरुण अभियंते मेले. काही तासांत जामीन, अटींमध्ये तीनशे शब्दांचा निबंध. लोक संतापले ते त्या निबंधावर. मला त्याहून गंभीर वाटला तो रक्ताचा नमुना बदलल्याचा आरोप, ज्यात डॉक्टरांना आणि मुलाच्या आईवडिलांना अटक झाली. त्याचा निकाल न्यायालय देईल. जुलै २०२५ मध्ये बाल न्याय मंडळाने मुलाला प्रौढ मानून खटला चालवण्याची पोलिसांची मागणी फेटाळली. यामागे कायद्यातली एक फट आहे. सोळा ते अठरा वयाच्या मुलावर प्रौढासारखा खटला चालवायचा तर गुन्हा ‘घृणास्पद’ असावा लागतो, म्हणजे त्याची किमान शिक्षा सात वर्षे असावी लागते. सदोष मनुष्यवधाला कमाल शिक्षा आहे, किमान सात वर्षे नाही. दिल्लीतल्या २०१६ च्या अपघातावर सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये हाच अर्थ लावला होता. मुलांना तुरुंगात घाला असे मी म्हणणार नाही. चावी ज्याने दिली त्याला मात्र सोडू नये. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आलेले कलम १९९-अ पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद सांगते. ते गाव-शहरात सगळीकडे, शाळेच्या फाटकासमोर उभ्या असलेल्या प्रत्येक स्कूटरसाठी आहे, हे कुणाला सांगितले जात नाही.

आणि आरोपीच्या पिंजऱ्यात नसणारी माणसे? मोटार वाहतूक कामगार कायदा १९६१ मध्येच आला आणि त्याने दिवसाला आठ तासांची मर्यादा घातली. सोळा-सोळा तास गाडी हाकायला लावणारा मालक खटल्यात साक्षीदार म्हणून येतो, तोही गाडी सोडवून घेण्यापुरता. रस्त्याचे काम मानकांप्रमाणे न केल्याने मृत्यू झाला तर ठेकेदार किंवा प्राधिकरणाला मोटार वाहन कायद्याच्या कलम १९८-अ खाली शिक्षा आहे: एक लाख रुपयांपर्यंत दंड. कैद नाही.

माझे मत मी लपवत नाही. आपल्याकडे हयगयीची पाच वर्षे आणि सदोष मनुष्यवधाची दहा वर्षे यांच्यामध्ये पायरी नाही, म्हणून पोलीस लोकांच्या संतापाच्या प्रमाणात कलम लावतात. मृत गरीब आणि बातमी लहान तर १०६, गाडी महागडी आणि कॅमेरे जमले तर १०५. ब्रिटनला हाच पेच पडला होता. चालकाला मनुष्यवधाचा दोषी ठरवायला ज्युरी कचरत, म्हणून १९५६ मध्ये तिथे धोकादायक वाहन चालवून मृत्यू घडवण्याचा स्वतंत्र गुन्हा झाला. आज त्याची कसोटी सक्षम आणि सावध चालकाच्या वागणुकीहून फार खाली जाणे ही आहे, आणि २०२२ पासून कमाल शिक्षा जन्मठेप. मला त्यातली जन्मठेप नको आहे, कसोटी हवी आहे. चालकाच्या मनात डोकावण्यापेक्षा त्याने गाडी कशी चालवली हे मोजता येते. पण मोजायला पंचनामा लागतो, आणि म्हणून या पुस्तकातली सर्वांत लांब प्रकरणे शिक्षेवर नसून पहिल्या चोवीस तासांवर आहेत.

त्या चोवीस तासांत तुम्हीही असू शकता. रस्त्यावर असे काही पाहिलेत तर थांबा. गाडीचा नंबर लिहा, जागेचा फोटो काढा, जखमीला उचलून न्या. मोटार वाहन कायद्याचे कलम १३४-अ जखमीला मदत करणाऱ्याला संरक्षण देते. तुमच्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही आणि नाव सांगण्याची सक्ती नाही. पण सांगता आले तर नाव सांगा, आणि तारीख लागली की साक्षीला या.